मीटिंग रूमसाठी नवा व्हिडिओ बार घेताना कोणती फीचर्स खरंच कामाची?

व्हिडिओ बार म्हणजे कॅमेरा, माइक आणि स्पीकर एकाच पट्टीत. विक्रेते ऑटो फ्रेमिंगचं, म्हणजे कॅमेरा आपोआप माणसांना चौकटीत बसवतो त्याचं, कौतुक करतील, पण तुम्ही आधी आवाज तपासा. चित्र अडखळलं तरी मीटिंग चालते, आवाज गेला की संपलं. नव्या बारमध्ये माइकची रांगच असते. प्रत्येक माइकपर्यंत आवाज किंचित मागेपुढे पोचतो, त्या फरकावरून बोलणारा कुठे बसलाय ते यंत्राला कळतं. पॉली कंपनीच्या ‘अकूस्टिक फेन्स’ या सोयीमध्ये तर ठरवलेल्या कक्षेबाहेरचा आवाज गाळला जातो, केबिनला नुसतं अर्धं पार्टिशन असेल तर हे हवंच.

चर्चा रंगली की स्पीकर ट्रॅकिंगचा, म्हणजे बोलणाऱ्याकडे वळणारा, कॅमेरा याच्याकडून त्याच्याकडे उड्या मारतो, बघणाऱ्याला गरगरतं. तेव्हा ग्रुप फ्रेमिंग ठेवा, म्हणजे सगळे एकाच चौकटीत दिसतील. आणि हो, खोलीतल्या लॅपटॉपचे माइक-स्पीकर बंदच हवेत, नाहीतर महागडा बार असूनही आवाज घुमणार.