येलेना पाव्हलोव्हना: रशियात संगीतकाराला दर्जा मिळवून देणारी राजकन्या

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या चरित्रात ग्रँड डचेस (झारच्या घराण्यातल्या) येलेना पाव्हलोव्हनांचं नाव सारखं येतं, त्या नुसत्या पैसे देणाऱ्या होत्या का, असं तुम्ही विचारलंय. पैसे त्यांनी दिलेच, सढळ हाताने दिले. पण त्यांचं खरं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं, आणि त्यासाठी तेव्हाच्या रशियातली एक अडचण आधी सांगायला हवी.

तिथे माणसाची सरकारदरबारी नोंद वर्गानुसार व्हायची. उमराव, पाद्री, व्यापारी, शेतकरी वगैरे. चित्रकार-शिल्पकारांना कला अकादमीमुळे मान्यता होती. संगीतकारांसाठी असा रकानाच नव्हता. पियानोवादक अंतोन रुबिनस्टाईनने आठवणींत एक प्रसंग लिहून ठेवलाय. चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गेला तेव्हा नोंद करणाऱ्याने विचारलं, तुम्ही कोण? हा म्हणाला, कलाकार. मग सरकारी थिएटरात नोकरीला आहात का? नाही. कुठे शिकवता का? नाही. दोघेही अडले. शेवटी वडिलांची चौकशी झाली आणि 'दुसऱ्या श्रेणीच्या व्यापाऱ्याचा मुलगा' एवढंच वहीत पडलं. युरोपभर नावाजलेल्या पियानोवादकाची ही गत!

या रुबिनस्टाईनला आसरा दिला तो येलेना पाव्हलोव्हनांनी. जन्म १८०७चा, स्टुटगार्टचा. मूळच्या व्युर्टेमबेर्ग या जर्मन राज्याच्या राजकन्या शार्लोट. बालपणाचा काही काळ पॅरिसात गेला. १८२४ साली झारचे धाकटे भाऊ मिखाईल यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याचा सगळा जीव लष्करी कवायतीत, यांचा पुस्तकांत आणि गाण्यात. पाच मुली झाल्या, त्यांतली एकच आईच्या मागे उरली. १८४९मध्ये वैधव्य आलं आणि त्यानंतरच त्यांच्या कामाला खरा वेग आला.

१८५६-५७च्या हिवाळ्यात त्या आजच्या फ्रान्समधल्या नीसला होत्या, रुबिनस्टाईनही तिथेच. रशियात संगीत शिकवणारी संस्था हवी, हा बेत तिथल्या बोलण्यांतून आकाराला आला. १८५९मध्ये रशियन संगीत संस्था निघाली, तिचे पहिले वर्ग भरले ते थेट त्यांच्या मिखाईलोव्हस्की राजवाड्यात. न्याय खात्यात कारकुनी करणारा चायकोव्हस्की १८६१मध्ये याच वर्गांना येऊ लागला. पुढच्या वर्षी त्यांतूनच सेंट पीटर्सबर्ग कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय, उभं राहिलं. मुलींनाही प्रवेश होता. आणि मुख्य म्हणजे, तिथून पदवी घेणाऱ्याला 'स्वतंत्र कलाकार' हा कायदेशीर दर्जा मिळू लागला. मला विचाराल तर त्यांची सगळ्यात मोठी देणगी हीच. मैफलीला पैसे देणारे धनिक पुष्कळ असतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला समाजात उभं राहायला जागा करून देणारे विरळाच.

हीच दृष्टी बाकीच्या कामांतही दिसते. क्रिमियन युद्धात, १८५४मध्ये, त्यांनी परिचारिकांचा संघ काढला आणि शल्यचिकित्सक पिरोगोव्ह यांच्या हाताखाली आघाडीवर पाठवला. पोल्टावा प्रांतातल्या आपल्या कार्लोव्का जहागिरीतल्या भूदासांना, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, मुक्त करण्याची योजना त्यांनी १८५६मध्येच मांडली. देशभरचा मुक्तीचा कायदा आला १८६१मध्ये.

त्यांची दुसरी बाजूही लक्षात घ्या. त्या हुकमी स्वभावाच्या होत्या. खटके उडून खुद्द रुबिनस्टाईन १८६७मध्ये कॉन्झर्व्हेटरी सोडून गेला. रशियन संगीत संस्थेच्या मैफली चालवणाऱ्या संगीतकार बालाकिरेव्हशी पटेना, तर १८६९मध्ये त्याला दूर करवलं. यावर चायकोव्हस्कीने बालाकिरेव्हची बाजू घेऊन वर्तमानपत्रात लिहिलं होतं. हा बालाकिरेव्हवर अन्यायच झाला असं मीही मानतो.

१८७३च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांनी कवी पोलोन्स्कीकडून संगीतकार सेरोव्हसाठी एका ऑपेराची (संगीत नाटकाची) संहिता लिहवून घेतली होती, पण सेरोव्ह १८७१मध्येच वारला. मग त्याच संहितेवर स्पर्धा झाली, आणि १८७५मध्ये ती जिंकली चायकोव्हस्कीने, 'लोहार वाकुला' लिहून. येलेना पाव्हलोव्हनांचा राजवाडा आज रशियन म्युझियम आहे. आणि त्यांच्या भोवतालचं वातावरण सुरांतून अनुभवायचं असेल तर रुबिनस्टाईनची 'कामेन्नी ओस्त्रोव्ह' ही पियानोवरची २४ व्यक्तिचित्रं शोधा. नाव त्यांच्या उन्हाळी मुक्कामाच्या बेटाचं आहे. २२वं आधी ऐका.