गाय माती चाटते, दावे चघळते

प्रश्न : दुसऱ्या वेताची गाय व्यायल्यापासून भिंतीची माती चाटते, दावे चघळते. चारा उसाचे वाढे आणि कडबा. जनावराला काय हवे ते त्याला कळते म्हणतात. मग माती खाऊ द्यावी का?

उत्तर : नको. जनावराला पक्की उपजत ओढ असते ती मिठाची. फॉस्फरस कमी पडला की मात्र ते नेमके काय खावे हे न ओळखता माती, हाड, चामडे, दोर, जे दिसेल ते तोंडात घालते. तुमच्या गाईत पहिला संशय फॉस्फरसचाच. दुधावाटे तो रोज जातो आणि वाढ्यांत, कडब्यात तो थोडाच असतो. वाढ्यांतले ऑक्झालेट हे द्रव्य कॅल्शियमही बांधून ठेवते.

आधी शेण तपासून जंताचे औषध द्या. गाय पुन्हा भरली असेल तर डॉक्टरांना सांगा, गाभणपणाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल हे जंताचे औषध देत नाहीत. मग रोज ५० ते ६० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ सुरू करा. पिशवीवर फॉस्फरस किती ते वाचा, १२ टक्क्यांच्या आसपास हवा. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते : बाटलीतले कॅल्शियम पाजले जाते आणि फॉस्फरस तसाच कमी राहतो. मिश्रण कोरडे टाकले तर गव्हाणीच्या तळाशी उरते, म्हणून भिजवलेल्या आंबोणात कालवा. गव्हाचा कोंडा फॉस्फरसचा स्वस्त पुरवठा आहे, खुराकात तो असू द्या. फरक दिसायला काही आठवडे लागतात.

लघवी कॉफीसारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. व्यायल्यानंतर फॉस्फरस फार उतरला की रक्तपेशी फुटतात, म्हशींत हे जास्त दिसते. तेव्हा शिरेतून फॉस्फरस द्यावा लागतो, आंबोणाने भागत नाही.

गोठ्याजवळ हाडे, तार, प्लास्टिक राहू देऊ नका. मेलेल्या जनावराची हाडे चघळल्याने बोटुलिझम (जिवाणूच्या विषाने होणारा रोग) होऊन पाय लुळे पडतात. दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्य आर्नल्ड थायलर यांनी या रोगाचे मूळ फॉस्फरसच्या कमतरतेत असल्याचे दाखवले. तेव्हा गुरांना हाडांचा चुरा देत, आता डायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात.

प्रश्न : पेरूच्या जंगलात मकाव पोपट कड्यावरची माती खातात, ती औषधी असते ना? मग गुरांना मुलतानी माती द्यावी का?

उत्तर : तांबोपाटा भागातल्या त्या मातीबद्दल दोन मते आहेत. बियांतली विषे माती धरून ठेवते, हे एक. ॲमेझॉन पोपटांना क्विनिडीन या वनस्पतीतल्या कडू द्रव्याबरोबर माती दिली तेव्हा रक्तात ते बरेच कमी उतरले. दुसरे मत सोडियमचे : पोपट ज्या थरांवर जमतात तिथे ते जास्त आढळते, आणि समुद्रापासून दूरच्या त्या जंगलात मीठ दुर्मीळ आहे. आज सोडियमचे पारडे जड आहे.

गोठ्यात ती गरज मिठाच्या विटेने भागते. खाद्यातले अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) धरायला बेंटोनाइट ही चिकणमाती वापरतात खरे, पण ते खाद्यासाठी तपासलेले असते. बाजारातल्या मुलतानी मातीत शिसे किंवा आर्सेनिक किती, हे कोणी पाहिलेले नसते. बुरशी आलेली सरकी पेंड फेकणेच बरे.

मेंढ्या असतील तर गाईचे खनिज मिश्रण त्यांना देऊ नका. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठून विषबाधा होते. त्यांच्यासाठी वेगळे मिश्रण मिळते.