एकाच तारखेला इतिहास आणि सिनेमा-क्रिकेट, दोन्हींतल्या मोठ्या घटना आल्यात असा दिवस कोणता?

माझं मत १४ मार्चला.

१९३१ साली याच दिवशी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. अर्देशीर इराणींचा हा भारतातला पहिला बोलपट. नायक होते मास्टर विठ्ठल, मूकपटांतले मोठे स्टार. पण बोलपट असूनही त्यांच्या वाट्याला फारसे संवाद आले नाहीत, हिंदी-उर्दू उच्चार जमेना म्हणून! आज या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही, याची खंत वाटते.

क्रिकेटवाल्यांसाठी २००१. ईडन गार्डन्सवर फॉलोऑननंतर (पहिल्या डावात खूप मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागल्यावर) लक्ष्मण आणि द्रविड यांनी चौथा दिवस अख्खा खेळून काढला, एकही विकेट न देता ३३५ धावा. भारताने सामना दुसऱ्या दिवशी जिंकला, पण ऑस्ट्रेलियाच्या हातून तो निसटला १४ तारखेलाच.

बाकी आइन्स्टाइनचा जन्म (१८७९), कार्ल मार्क्सचा मृत्यू (१८८३), स्टीफन हॉकिंगचा मृत्यू (२०१८) हे सगळीकडे वाचायला मिळतं. आमिर खानचा वाढदिवसही हाच. वर ३.१४ मुळे (गणितातल्या 'पाय'ची साधारण किंमत) 'पाय दिन' आहेच, अर्थात तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी लिहिला तरच.

मराठी वाचकांना मात्र ही तारीख चटका लावणारी आहे. सुरेश भट गेले १४ मार्च २००३ ला आणि विंदा करंदीकर १४ मार्च २०१० ला. भटांची गझल आणि विंदांचं मुक्त सुनीत (मुक्तछंदातली चौदा ओळींची कविता), दोन्हींची स्मृती एकाच दिवशी.