पसंतीक्रम भरण्याआधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) मुख्य परीक्षेत पास झालीस, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. तुझे प्रश्न दोन. सेवांच्या पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा पहिली टाकू का, आणि मुलाखतीत घरच्या ऊसतोडीबद्दल बोलू का. क्लासचे सर म्हणाले म्हणे, 'तू गावोगाव राहिलेली, कुठेही जुळवून घेतेस, म्हणजे जन्मजात मुत्सद्दीच!' ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पटत नाही.

जुळवून घेणं ही तुझ्याकडची सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. आणि थोडी घातकही. दिवाळीच्या आसपास पाटोद्याहून निघायचं, बेळगावकडच्या कारखान्याच्या हद्दीत कोपी (पाचटाची झोपडी) टाकायची, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. अशा हंगामांत तू कानडी शिकलीस आणि वडलांच्या वतीने स्लिपबॉयशी, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाशी, बोलायला लागलीस. तो वस्सकन अंगावर आला, तर त्यातलं अर्धंच वडलांना सांगायचीस, असं तूच लिहिलं आहेस. त्या वयात ते शहाणपणच होतं. दूतावासात मात्र नवख्या अधिकाऱ्याचं पहिलं काम असतं बैठकीत बसून टिपण लिहायचं. समोरचा मंत्री फटकून बोलला तर टिपणातही तो फटकूनच बोलला पाहिजे, कारण दिल्लीतले लोक तुझ्या कागदावरून निर्णय घेणार असतात. जे दुसऱ्याच्या मर्जीवर वाढतात ते बलवानाचा चेहरा लवकर वाचतात. हे फार कामाचं. पण त्याला खूश ठेवायची सवयही त्यांना लागलेली असते, ती इथे मोडावी लागते. यजमान देशाला आवडणारा राजदूत आणि स्वतःच्या देशाला उपयोगी राजदूत हे दर वेळी एकच नसतात.

मग तुझ्याकडे खरं काय आहे? उचल. उचल म्हणजे काय हे तुला कुणी समजावून सांगावं लागत नाही. कामाआधीच पैसे घेतलेले, हिशेब मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत, फिटेपर्यंत सुटका नाही, आणि नवरा-बायको मिळून मोजायचे 'एक कोयता'. आता आखातातला कामगार बघ. एजंटला द्यायला जमीन गहाण टाकलेली, पुष्कळदा नोकरी बदलायला मालकाची परवानगी, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली एजंटची नोंदणी सक्तीची आहे आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. प्रत्यक्षात किती घेतले ते कामगार दूतावासाच्या काउंटरवर सांगत नाही, कारण घरी तोच एजंट भावालाही पाठवणार असतो. चांगल्या शाळांतून आलेले माझे दूतावासातले सहकारी विचारत, 'मग याने तक्रार का केली नाही?' तू हा प्रश्न विचारणार नाहीस. तू वहीत काय लिहिलं आहे ते विचारशील.

दहावी न झालेल्याला कोणता पासपोर्ट मिळतो माहीत आहे? ईसीआर, म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागणारा. तुझ्या आईबाबांनी पासपोर्ट काढला तर बहुधा हाच मिळेल. तुला मिळेल राजनैतिक. हे दोन्ही पासपोर्ट एकाच, परराष्ट्र खात्यातून निघतात.

आखातात सुमारे ९० लाख भारतीय आहेत. तिथल्या दूतावासांत मेजवान्यांपेक्षा मृत्यूचे कागद जास्त हलतात. मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, मालकाचं ना-हरकत, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, आणि मग देह घरी. बायको फोनवर रडत असते आणि तिला तारीख हवी असते. या कामाला खात्यात फारसा मान नाही, हेही सांगून ठेवतो. हुशार मुलं न्यूयॉर्क-जिनिव्हा मागतात.

एक सावधगिरी. स्वतःचं लहानपण हे जग बघायचं एकमेव भिंग होऊ देऊ नकोस. मॅडलिन ऑलब्राइट १९३७ साली प्रागमध्ये जन्मल्या, आधी हिटलरपासून आणि मग कम्युनिस्ट राजवटीपासून पळालेल्या कुटुंबात वाढल्या, ११ वर्षांच्या असताना अमेरिकेत आल्या आणि १९९७ साली तिथल्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. १९३८च्या म्युनिक कराराने, ज्यात ब्रिटन-फ्रान्सने हिटलरला खूश ठेवायला त्यांच्या देशाचा लचका देऊन टाकला, आपली दृष्टी घडवली असं त्या स्वतःच सांगत. १९९९ साली कोसोव्होत सर्बियाविरुद्ध नाटोने बळ वापरलं, तेव्हा ती दृष्टी उपयोगी पडली, असं पुष्कळांना वाटतं. मला मात्र वाटतं, प्रत्येक पेचात म्युनिक दिसायला लागलं की समोरचा माणूस दिसेनासा होतो. याउलट आपले सतिंदर लांबा. जन्म १९४१, पेशावर. फाळणीत ते गाव सुटलं. पुढे ते पाकिस्तानात उच्चायुक्त झाले, आणि नंतर पंतप्रधानांचे विशेष दूत म्हणून पाकिस्तानशी पडद्याआडची बोलणी त्यांनी वर्षानुवर्षं केली. सुटलेल्या गावाचा कढ असेलही. त्यांनी त्याला आपल्या जागी ठेवलं, आणि या नोकरीत मला तेच सगळ्यात अवघड वाटतं.

मुलाखत २७५ गुणांची आहे, अश्रूंना त्यात वेगळे गुण नाहीत. ऊसतोडीबद्दल विचारलं तर व्यवस्था सांग: उचल कशी ठरते, हंगामी वसतिगृहं कुठे कमी पडतात, साखरशाळेतून (कारखान्याजवळच्या हंगामी शाळेतून) गावच्या शाळेत परतल्यावर पोराचं काय होतं. स्वतःबद्दल एखादं वाक्य पुरे. मंडळातल्या माणसांना करुण गोष्टी रोज ऐकायला मिळतात. हिशेब माहीत असलेली मुलगी क्वचित मिळते.

आता पसंतीक्रम. या नोकरीत दर तीनेक वर्षांनी बिऱ्हाड हलतं, आणि तुझ्या मुलांच्याही शाळा बदलतील. आजी गेल्याची बातमी दुसऱ्या खंडात कळेल. ऊसतोडीला नेणारी ट्रॅक्टरची ट्रॉली आणि विमान यांत फरक आहेच, पण कुठे जायचं हे तेव्हाही दुसराच ठरवायचा आणि आताही बरंचसं दुसराच ठरवेल. एका जागी, आपल्या दारात, बारा महिने राहायची भूक तुला लहानपणापासून असेल, तर भारतीय प्रशासकीय सेवा पहिली टाक, त्यात कमीपणा काही नाही. नसेल, तर परराष्ट्र. हे क्लासच्या सरांना विचारू नकोस, आईला विचार.

परराष्ट्र सेवा मिळाली तर एक परकी भाषा सक्तीने शिकावी लागते. ती कोणती, हे तुझी पसंती, क्रमांक आणि खात्याची गरज पाहून ठरतं. सगळे फ्रेंच-स्पॅनिशकडे बघतील. तू अरबी माग.

तपशीलवार अर्जाचा कच्चा मसुदा पाठव. छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिलं असशील तर आत्ताच खोड.

तुझा,
सेवानिवृत्त काका