फ्रीमाँटमध्ये हायस्कूल निवडताना आकडे कसे वाचायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या शाळेत नववीला आहे, उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला यायचं ठरलंय. रेटिंग पाहून मिशन सॅन होजे हायस्कूलच्या हद्दीतच जास्त भाडं भरून घर घ्यावं का? आणि तिथे बहुसंख्य मुलं एशियन, तर स्पर्धा झेपेल का?

फ्रीमाँटमध्ये मिशन सॅन होजे, आयर्विंग्टन, अमेरिकन, वॉशिंग्टन आणि केनेडी अशी पाच मोठी सरकारी हायस्कुलं आहेत. शाळा पत्त्यावरून ठरते. एक ते दहाचं रेटिंग मुख्यतः परीक्षेच्या निकालांवर बेतलेलं असतं, आणि निकालावर सगळ्यात मोठी छाप असते आईवडिलांच्या शिक्षणाची नि पगाराची. म्हणजे त्या हद्दीत कोण राहतं हे रेटिंगमधून कळतं. शाळा तुमच्या मुलीला काय शिकवेल हे फारसं कळत नाही. म्हणून रेटिंग बाजूला ठेवा आणि राज्याच्या शिक्षण खात्याचे मूळ आकडे उघडा. ते सगळे फुकट बघता येतात.

हायस्कूलमध्ये इंग्रजी आणि गणिताची राज्यपरीक्षा फक्त अकरावीत होते. निकालाचे चार स्तर असतात. वरचे दोन म्हणजे अपेक्षेइतकं किंवा जास्त. शाळेची एकूण टक्केवारी पाहून थांबू नका, निकाल गटवार उघडा. ‘एशियन’ या एका रकान्यात भारतीय, चिनी, व्हिएतनामी सगळे येतात. कॅलिफोर्नियात फिलिपिनो मात्र वेगळे मोजतात. ‘आर्थिकदृष्ट्या वंचित’ या गटाचा निकाल मी सगळ्यात आधी पाहीन. कमी उत्पन्नाची, किंवा ज्यांचे दोन्ही पालक हायस्कूलही पूर्ण करू शकले नाहीत अशी मुलं त्यात येतात. ती जिथे चांगलं करतात तिथे शाळेच्या शिकवण्याचा वाटा असण्याची शक्यता जास्त. पण गटात किती मुलं आहेत तेही बघा. ११ पेक्षा कमी असतील तर आकडा दाखवतच नाहीत, आणि पंधरा-वीस मुलांचा आकडा दरवर्षी वरखाली होतो.

‘इंग्रजी शिकणारे’ या गटाचा निकाल सगळीकडे खाली दिसतो. त्यावरून शाळेला नावं ठेवू नका. ज्यांचं इंग्रजी सुधारतं ती मुलं त्या गटातून बाहेर काढली जातात, त्यामुळे उरलेल्यांचा निकाल कमी दिसणारच. आणि परीक्षेला किती टक्के मुलं बसली हेही तपासा. अपेक्षा ९५ टक्क्यांची असते, पण पालक लेखी कळवून मुलासाठी सूट घेऊ शकतात. आणि अकरावीच्या मुलांचा जीव त्याच सुमारास मे महिन्यातल्या एपी परीक्षांत (हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षांत) अडकलेला असतो, त्यामुळे काही जण राज्यपरीक्षा टाळू शकतात.

तुमच्यासाठी खरा कामाचा आकडा वेगळाच आहे: हायस्कूल पास होणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘ए टू जी’ विषय पूर्ण केले. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला हे १५ वार्षिक विषय लागतात: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इतिहास २, परभाषा २, कला १, ऐच्छिक १, प्रत्येकात किमान सी ग्रेड. हायस्कूल पास होण्याचा राज्याचा किमान नियम यापेक्षा हलका आहे, म्हणून पास होण्याचा दर ९५ टक्के असला तरी त्यातली सगळी मुलं विद्यापीठाला पात्र असतात असं नाही.

इथेच तुमच्या मुलीची अडचण सुरू होते. हे विद्यापीठ एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा बघत नाही. प्रवेशासाठी जीपीए (ग्रेडची सरासरी) मोजतं ते दहावी आणि अकरावीचं. म्हणजे ती ऑगस्टमध्ये दहावीत बसेल त्या दिवसापासूनचे ग्रेड मोजले जातील, रुळायला वेगळं वर्ष मिळणार नाही. शिवाय प्रत्येक शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांना विद्यापीठ खास पात्रता देतं. अतिस्पर्धेच्या शाळेत नवख्या मुलीला त्या ९ टक्क्यांत शिरणं अवघड जातं. माझं स्पष्ट मत: पुरेसे एपी विषय देणारी मधल्या क्रमांकाची शाळा तिला जास्त मानवेल, आणि भाडंही वाचेल.

गणितात सगळ्यात जास्त नुकसान होतं. इथला क्रम अल्जेब्रा १, जिऑमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असा. भारतातल्या गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित’ लिहिलेलं असतं, त्यावरून इथल्या शाळेच्या समुपदेशकाला काही कळत नाही आणि मुलीला पुन्हा अल्जेब्रा १ मध्ये बसवलं जाऊ शकतं. दहावीत अल्जेब्रा २ मिळालं तरच बारावीत सरळ कॅल्क्युलस गाठता येतं. राज्य मंडळाचं नववीचं गणित भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती असं वेगळं आहे, ही तुमची जमेची बाजू. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत करून आणा आणि स्थाननिश्चितीची, म्हणजे कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी, चाचणी मागून घ्या. आठवी-नववीच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह बंद पाकिटात आणा, दोन संच.

प्रवेशाच्या अर्जात घरच्या भाषेचे प्रश्न असतात. मराठी लिहिलं की ३० दिवसांत इंग्रजीची चाचणी होते. घाबरून ‘इंग्रजी’ लिहू नका, खरं तेच लिहा. इंग्रजी माध्यमातली मुलं बहुधा पहिल्याच चाचणीत सुटतात. नाही सुटली तर इंग्रजीचा जादा तास लागतो आणि त्यात एक ऐच्छिक विषय जातो, एवढंच. चाचणीत बोलणं आणि लिहिणंही असतं, त्याचा सराव आधी करून घ्या.

लसींची नोंद आत्ताच काढा. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, इथे मात्र दोन डोस लागतात. दहाव्या वर्षी सरकारी केंद्रात दिलेली टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) चालत नाही. डांग्या खोकल्याचा घटक असलेली टीडॅपच लागते. क्षयाची तपासणी सांगितली तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची मागा, कारण बीसीजीमुळे त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

पत्त्याच्या पुराव्यासाठी भाडेकरार आणि वीजबिल पालकाच्या नावावर हवं. कंपनीच्या तात्पुरत्या घरातून प्रवेश घेतलात आणि पुढे घर बदललं, तर हद्दही बदलू शकते. करार करण्याआधी तो नेमका पत्ता फ्रीमाँटच्या शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, आणि हद्दीतल्या शाळेत दहावीच्या जागा शिल्लक आहेत का ते फोन करून विचारा. वर्ग भरलेला असेल तर मुलीला दुसऱ्या शाळेत पाठवू शकतात, आणि भाडं मात्र तेवढंच भरावं लागेल.