वाचकांचे प्रश्न : साल्हेर, सालोटा आणि मधली खिंड

प्रश्न (सटाणा येथील एक वाचक) : आमच्या गिर्यारोहण मंडळाने नाशिक जिल्ह्यातील शिखरांची उंचीनुसार यादी करायला घेतली आहे. साल्हेर आणि सालोटा ही दोन स्वतंत्र शिखरे धरावीत की एकाच डोंगराची दोन टोके, यावर आमच्यात एकमत होत नाही. जगातील पर्वतांच्या याद्या करणारे हा प्रश्न कसा सोडवतात?

उत्तर : आपल्या मंडळात झालेला वाद जुना आहे आणि मोलाचाही आहे. ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी ५३८ टोके नोंदवली आणि त्यांपैकी २८३ टोकांना स्वतंत्र पर्वताचा मान दिला. परंतु कोणते टोक स्वतंत्र आणि कोणते शेजाऱ्याचे, हे ठरवण्यासाठी त्यांनी आकड्यांत बांधलेला नियम दिला नव्हता, त्यामुळे त्यावरची चर्चा पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. आज या कामासाठी टोपोग्राफिक प्रॉमिनन्स हे माप वापरले जाते. मी त्याला या उत्तरांत ‘निव्वळ उंची’ असे म्हणतो.

गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, खांद्यापर्यंत आले, अशा भाषेत आपल्याकडे पूर मोजला जातो. असाच एक पूर मनातल्या मनात बागलाणात आणा आणि त्याला सावकाश चढू द्या. प्रथम गावे बुडतील, मग पायथ्याच्या टेकड्या बुडतील, आणि साल्हेर व सालोटा मिळून पाण्यात एकच बेट उरेल. पाणी आणखी चढले की या बेटाची कंबर बारीक होत जाईल, आणि पाणी मधल्या खिंडीला टेकताच जमिनीची शेवटची चिंचोळी पट्टी तेवढी दोन्ही डोंगरांना जोडून ठेवील. त्यानंतर वीतभर पाणी वाढले तरी एका बेटाची दोन बेटे होतील. त्या क्षणी सालोट्याचे टोक पाण्याच्या वर जितके उभे असेल, तितकी सालोट्याची निव्वळ उंची. साल्हेर मात्र १,५६७ मीटर उंचीची, म्हणजे सुमारे १,५२० मीटरच्या सालोट्याहून उंच असल्यामुळे तिचा हिशेब या खिंडीवर संपत नाही. साल्हेरपेक्षा उंच असलेल्या कळसूबाईपासून ती ज्या ठिकाणी तुटेल ते ठिकाण सह्याद्रीच्या मुख्य धारेवर, बागलाणपासून पुष्कळ दूर आहे. म्हणून दोघांच्या माथ्यांत जेमतेम पन्नासेक मीटरचा फरक असला, तरी निव्वळ उंचीत मोठे अंतर पडते.

हाच हिशेब एव्हरेस्टच्या अंगणात करून पाहिला, तर समुद्रसपाटीपासूनची उंची आपल्याला किती अपुरी माहिती देते ते दिसते. ल्होत्से हे ८,५१६ मीटर उंचीचे, जगातील चौथ्या क्रमांकाचे शिखर आहे. एव्हरेस्ट आणि ल्होत्से यांना जोडणारी साऊथ कोल ही खिंड सुमारे ७,९०६ मीटरवर आहे. वजाबाकी केली की ल्होत्सेची निव्वळ उंची अवघी ६१० मीटर उरते. याउलट केरळमधील अनाईमुडी २,६९५ मीटरचीच आहे, परंतु तिची निव्वळ उंची सुमारे २,४७९ मीटर आहे. निव्वळ उंची १,५०० मीटर किंवा त्याहून अधिक असलेल्या शिखरांना ‘अल्ट्रा’ म्हणतात. हा शब्द स्टीफन फ्राय या भूवैज्ञानिकांनी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील शिखरांचा अभ्यास करताना वापरात आणला. जगात अशी शिखरे सुमारे दीड हजार आहेत. अनाईमुडी त्यांत बसते, ल्होत्से बसत नाही. ल्होत्से चढणाऱ्यांचे श्रम यामुळे तसूभरही कमी ठरत नाहीत, कारण ही यादी चढाईची नव्हे, भूरूपाची आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. स्वतंत्र शिखर म्हणवून घेण्यासाठी किती निव्वळ उंची पुरेशी मानायची, याची रेषा प्रत्येक यादीत वेगळी आखलेली असते. आल्प्समधील चार हजार मीटरवरील ८२ शिखरांची यादी आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने १९९४ मध्ये केली, तेव्हा ३० मीटरची अट धरली होती. ॲलन डॉसन यांनी १९९२ मध्ये ब्रिटनच्या टेकड्यांसाठी १५० मीटरची अट धरली आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा विचारच सोडून दिला. माझ्या मते सह्याद्रीला ३० मीटरची अट फार सैल पडेल, कारण आपल्याकडे एकेका धारेवर इतके सुळके आणि कातळाचे दात आहेत की यादी त्यांनीच भरून जाईल. १०० मीटरची अट मला योग्य वाटते. मात्र अट कोणतीही ठेवा, ती खिंडी मोजण्यापूर्वी मंडळाच्या बैठकीत ठरवा आणि लिहून ठेवा. आवडत्या किल्ल्याला जागा मिळावी म्हणून मागाहून अट हलवली, तर त्या यादीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न (इगतपुरी येथील एक वाचक) : कळसूबाई आमच्या दारात आहे. तिच्याहून उंच शिखर महाराष्ट्रात नाहीच, मग तिची खिंड कोठे शोधायची?

उत्तर : राज्याच्या सीमा पाण्याला कळत नाहीत, त्यामुळे शोध राज्याबाहेर न्यावा लागतो. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तिच्याहून उंच जमीन उत्तरेकडे अबूच्या गुरुशिखरावर, १,७२२ मीटरवर, भेटते आणि दक्षिणेकडे कर्नाटकातील मुळ्ळय्यनगिरी, १,९३० मीटर, व तिच्या आसपासच्या डोंगरांत भेटते. या दोन्ही दिशांना जाणाऱ्या वाटांपैकी जी वाट सर्वांत कमी खाली उतरून पोहोचते, त्या वाटेवरील सर्वांत सखल जागा ही कळसूबाईची निर्णायक खिंड होय.

अशी वाट कशी ओळखावी, याचे उत्तर नर्मदा परिक्रमेत सापडते. परिक्रमावासी नदी ओलांडत नाही, तो तिच्या उगमाला वळसा घालतो. निर्णायक खिंडीचा शोध घेणाऱ्यानेही कोणतीच नदी ओलांडायची नसते, कारण नदी ओलांडायची म्हणजे दरीच्या तळाशी उतरायचे. त्याने सतत पाणलोटाच्या धारेवरून, म्हणजे जिथे पावसाचे पाणी दोन बाजूंना वाटले जाते त्या रेषेवरून, चालत राहायचे असते. ही रेषा नाशिककरांना नवी नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी बंगालच्या उपसागराला जाते आणि त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघालेली वैतरणा अरबी समुद्राला मिळते.

या रेषेवरून त्र्यंबकहून उत्तरेस निघालेल्या माणसाला तापीच्या उगमाला मुलताईजवळ वळसा घालावा लागेल, नर्मदेला अमरकंटकजवळ वळसा घालावा लागेल, तिथून विंध्याच्या धारेने पुन्हा पश्चिमेकडे माळव्यात यावे लागेल, मग अरवली गाठावी लागेल, आणि शेवटी गंगा व सिंधू यांच्या खोऱ्यांना वेगळे करणारे जवळजवळ सपाट मैदान पार करून तो शिमल्याच्या बाजूने हिमालय चढू लागेल. पाय एकदाही नदीत न भिजवता केलेला हा प्रवास नकाशावर बोटाने करून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अनाईमुडीची निर्णायक खिंड या मैदानातच, सुमारे २१६ मीटर उंचीवर येते. तेथे उभ्या असलेल्या माणसाला आपण खिंडीत आहोत असे वाटणारही नाही, कारण डोळ्यांना सर्वत्र शेतेच दिसतील.

खिंड शिखरापासून इतकी दूर असणे हा अपवाद नाही. के-२ हे शिखर काराकोरममध्ये आहे, परंतु त्याची निर्णायक खिंड नेपाळ आणि तिबेट यांच्या सीमेवर, मुस्तांगच्या उत्तरेला असलेल्या कोरा ला येथे, सुमारे ४,५९० मीटरवर आहे. त्यामुळे ८,६११ मीटरच्या के-२ ची निव्वळ उंची ४,०२० मीटर भरते. नंगा पर्वत के-२ पेक्षा जवळपास पाचशे मीटरने ठेंगणा, ८,१२६ मीटरचा आहे, पण श्रीनगरहून कारगिलला जाताना लागणाऱ्या झोजी ला खिंडीच्या परिसरात तो उंच हिमालयापासून तुटतो आणि ती जागा ३,५०० मीटरच्या थोडीच वर आहे. म्हणून त्याची निव्वळ उंची ४,६०८ मीटर, म्हणजे के-२ हून अधिक आहे. किलिमांजारोची खिंड सुएझच्या संयोगभूमीवर समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा मीटर वर आहे. तेथे कालवा खणलेला असला तरी हिशेबात मूळ जमीनच धरतात. किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर आणि निव्वळ उंची ५,८८५ मीटर. एव्हरेस्टला त्याच्याहून उंच काहीच नसल्यामुळे संकेताने त्याची पूर्ण उंची, म्हणजे ८,८४८.८६ मीटर, हीच निव्वळ उंची मानतात.

प्रश्न (पंचवटी, नाशिक येथील एक विद्यार्थिनी) : साऱ्या जगातील शिखरांच्या खिंडी कोणी आणि कशा मोजल्या? हे आकडे कितपत विश्वासार्ह आहेत?

उत्तर : पूर्वी हे काम कागदी नकाशे जमिनीवर पसरून, खिंडीमागून खिंड बोटाने शोधत केले जाई. अनेक देशांचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत, त्यामुळे याद्या तुकड्यातुकड्यांनी होत होत्या. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली आणि परिस्थिती पालटली. तरीही उत्तरेस ६० अंशांपलीकडचा आणि दक्षिणेस ५६ अंशांपलीकडचा प्रदेश तिच्या कक्षेत नव्हता आणि हिमालयासारख्या उभ्या उतारांच्या प्रदेशात, कड्यांच्या आड रडारची किरणे न पोहोचल्यामुळे, माहितीत भोके राहिली होती. ही भोके नकाशांच्या आधारे बुजवण्याचे काम जोनाथन डी फेरांटी यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने केले. एडवर्ड अर्ल यांनी निव्वळ उंची काढणारी संगणकप्रणाली लिहिली, आणि ॲरन मेझलिश यांच्या पुढाकाराने जगातील सर्व अल्ट्रा शिखरांची यादी उभी राहिली. पुढे अँड्र्यू कर्म्स आणि डी फेरांटी यांनी २०१७ मध्ये पृथ्वीवरील प्रत्येक शिखराची निव्वळ उंची काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. किमान शंभर फूट निव्वळ उंची असलेली सुमारे ७८ लाख शिखरे त्यांच्या गणनेत आली.

विश्वासार्हतेबद्दल आपण विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या याद्यांतील चूक बहुधा शिखरात नसते, खिंडीत असते. शिखरावर माणसे जातात, झेंडा लावतात, उंची पुन्हा पुन्हा मोजतात, खिंडीकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. शिवाय या माहितीत जमीन चौकटींत विभागलेली असते आणि जगभरासाठी वापरलेली चौकट सुमारे ९० मीटर बाजूची असते. टोकदार शिखर अशा चौकटीत बसवले की त्याचा माथा सरासरीत बुजतो आणि त्याची उंची कमी भरते. अरुंद खिंडीत दोन्ही बाजूंचे कातळ त्याच चौकटीत येतात आणि खिंड आहे त्यापेक्षा उंच भरते. दोन्ही चुका एकाच दिशेच्या असल्यामुळे निव्वळ उंची दोन्हीकडून कमी होते. अलंग, मदन आणि कुलंग ही आपली दुर्गत्रयी डोळ्यांसमोर आणा. अलंगवरून मदनकडे जाताना ज्या खिंडीत उतरावे लागते तिच्यासारख्या चिंचोळ्या जागेत उपग्रहाच्या आकड्यापेक्षा नकाशावर आणि प्रत्यक्ष पाहणीवर अधिक भिस्त ठेवावी, असे मी सांगेन.

प्रश्न (सटाणा येथील वाचकांच्याच पत्रातील दुसरा भाग) : आमच्याजवळ फक्त सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट आहेत. त्यांवरून हे काम जमेल का?

उत्तर : उत्तम जमेल. १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला काढलेल्या असतात. सालोट्याच्या माथ्यापासून सुरुवात करा आणि त्याच्याभोवती बंद होणाऱ्या रेषा पेन्सिलीने एकेक गिरवत खाली या. या रेषा एकट्या सालोट्याला वेढतात तोपर्यंत पुढे चला. ज्या रेषेने सालोट्याबरोबर साल्हेरलाही आपल्या पोटात घेतले, तिथे थांबा. एकट्या सालोट्याला वेढणारी शेवटची रेषा आणि दोघांना एकत्र वेढणारी पहिली रेषा, यांच्या मध्ये खिंड आहे. तिची नेमकी उंची नकाशा सांगत नाही, म्हणून सालोट्याच्या उंचीतून दोन्ही रेषा वेगवेगळ्या वजा करून निव्वळ उंचीचे किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे नोंदवा. किमान आकडा आपल्या अटीच्या वर असेल तर शिखर निःशंक स्वतंत्र आहे, कमाल आकडाही खाली असेल तर नाही. अट दोन आकड्यांच्या मध्ये सापडली, तर खिंडीत स्वतः जा. धारेच्या दिशेने पाहता जी जागा सर्वांत खोलगट आणि आडवे ओलांडताना जी सर्वांत उंच, तिथे उभे राहून उंची घ्या, त्याच दिवशी माथ्यावरही त्याच उपकरणाने घ्या, आणि दोन्ही नोंदींपुढे वेळ लिहा, कारण हवेच्या दाबावर चालणारे उपकरण असेल तर दुपारपर्यंत त्याचा आकडा बदललेला असतो.