'पानी' म्हणणाऱ्याला वृत्तवाहिनीत नोकरी मिळते का?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापूर जिल्ह्यातल्या गावातून पत्रकारितेची पदवी घेतली, पुढच्या महिन्यात मुंबईत एका मराठी वृत्तवाहिनीची मुलाखत आहे, बोलताना 'ण'चा 'न' होतो. भाषा शुद्ध करायला काय करू आणि इंग्रजी किती लागेल?

नोकरी मिळते. मला मिळाली. पण त्या 'शुद्ध' शब्दावर मी अडले, म्हणून लिहायला बसले आहे.

मी औसा तालुक्यातली, जिल्हा लातूर. २०११ साली अशाच एका वाहिनीच्या मुलाखतीला रात्रीच्या गाडीने मुंबईला आले. सकाळी दहाला बोलावलं होतं, नंबर लागला तीनला. आत टेबलापलीकडे तिघं बसलेले. त्यांनी एक कागद पुढे सरकवला, दहा ओळींची बातमी होती. जायकवाडीचा पाणीसाठा ७९ टक्क्यांवर गेला, धरणातून पाणी सोडणार, गोदाकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा. त्या दहा ओळींत 'पाणी', 'धरण' आणि 'आणि' मिळून किती 'ण' होते ते आजही मला पाठ आहे. अकरा.

मी वाचलं. मधल्या वयस्क सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "पुन्हा वाच. हळू." दुसऱ्यांदा वाचताना मी इतकी सावध झाले की 'नाथसागर' या जायकवाडीच्या जलाशयाच्या नावातला सरळ 'न'सुद्धा 'ण' झाला. डावीकडच्या बाई हसल्या. सर हसले नाहीत, ते शांतपणे म्हणाले, "मुली, तुझी भाषा स्क्रीनची नाही. डेस्कवर जागा आहे, बघ."

बाहेर माझ्या आधी आत जाऊन आलेली एक मुलगी बसली होती. तिचे 'ण' स्वच्छ होते, आवाज गोड होता. मात्र आत तिने ७९ला 'सेव्हन्टी नाईन' म्हटलं होतं, हे तिनेच मला सांगितलं. अँकर म्हणून तिची निवड झाली. तिच्यावर माझा कधीच राग नव्हता, पुढे आम्ही तीन वर्षं एकत्र डबा खाल्ला. राग होता तो हिशेबावर. एकोणऐंशी म्हणता न येणं चालतं आणि पानी चालत नाही, हा हिशेब कुणी ठरवला? धरण एकोणऐंशी टक्के भरलं म्हणजे रब्बीचं काय होणार, हे त्या खोलीत बहुधा मला एकटीलाच माहीत होतं. ते कुणी विचारलं नाही.

मी डेस्कची, म्हणजे पडद्यामागे बातम्या लिहिण्या-तपासण्याची नोकरी घेतली आणि तीन महिन्यांत 'ण' शिकले. कसं, ते सांगते, कारण तुम्हाला तेच हवं आहे. 'थंड', 'अंडं', 'घंटा' हे शब्द मोठ्याने म्हणा. यात 'ड' किंवा 'ट'च्या आधी जो नाकातला आवाज येतो, तो 'ण'च आहे, आणि तो तुम्ही जन्मापासून बिनचूक काढताय. 'थंड' म्हणताना 'ड'च्या अलीकडे थांबा. जीभ वर वळून टाळूला टेकलेली जाणवेल. तिथूनच जीभ सोडा आणि 'णी' म्हणा. मग 'पाणी'. मग 'ट, ठ, ड, ढ, ण' एका दमात, जीभ त्याच जागी ठेवून. मी दादरच्या हॉस्टेलच्या गच्चीवर रोज वीस मिनिटं पेपर मोठ्याने वाचायचे, मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायचे आणि रात्री ऐकायचे. पहिले पंधरा दिवस सगळेच 'न' 'ण' होतात, 'मन'चं 'मण' होतं. घाबरू नका, ते आपोआप जातं. 'ळ' आणि 'च-ज'चे दोन-दोन उच्चार याच रीतीने सुटतात: 'चहा'चा 'च' वेगळा, 'चाक'चा वेगळा.

दिवाळीत घरी गेले आणि सवयीने म्हणून गेले, "आजी, पाणी दे गं." आजीने तांब्या हातात दिला आणि विचारलं, "कुनाच्या घरी बोलायलीस?"

त्या दिवसापासून माझ्या तोंडात दोन्ही आहेत. घरी पानी, कामावर पाणी. 'ण' हे मला कामाचं हत्यार वाटतं. सुताराने रंधा चालवायला शिकावं तसं ते शिकायचं. पण ज्याच्याकडे तो रंधा नाही त्याचं लाकूड वाईट, असं म्हणायचं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत चार वाढले. ते लिहिण्याचे नियम आहेत. एकाच बातमीपत्रात एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला जाऊ नये, यासाठी ते हवेतच. टिकरवर, म्हणजे पडद्याखाली धावणाऱ्या ओळीत, मी स्वतः ऱ्हस्व-दीर्घासाठी भांडते. पण त्या नियमांच्या जोरावर माणसाचं बोलणं अशुद्ध ठरवण्याचा हक्क कुणालाही मिळत नाही.

आणि शुद्धतेची इतकी चाड असेल, तर आमच्याच बातम्यांत काय चालतं ते बघा. 'या मुद्द्याला घेऊन आंदोलन', हे हिंदीतल्या 'को लेकर'चं जसंच्या तसं मराठी झालं. मराठीत मुद्द्यावरून आंदोलन होतं. 'माझी मदत करा' म्हणतात, आपण 'मला मदत करा' म्हणतो. 'धक्कादायक खुलासा' तर रोजचाच. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, माणूस आपल्यावरच्या आरोपाचा खुलासा करतो. हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट, आणि तो अर्थ आम्ही डोळे मिटून उचलला. ही वाक्यं स्वच्छ 'ण'सकट वाचली जातात आणि कुणीही पेन खाली ठेवत नाही.

आता २०१६ बद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहरात नळ बंद झालेले, पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये प्रशासनाने १४४ कलम लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. मी तेव्हा संध्याकाळच्या बुलेटिनची प्रोड्यूसर होते. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला पोहोचली, दहा वाघिणी (मालगाडीचे डबे), पाच लाख लिटर पाणी. माझ्या जिल्ह्याची बातमी, आणि ती 'पाणी' या शब्दाचीच बातमी.

त्या आठवड्यात आमच्या स्ट्रिंगरने, म्हणजे कामापुरत्या बातमीदाराने, एका बाईचा बाईट, म्हणजे तिच्या बोलण्याचा तुकडा पाठवला. साठीच्या असतील, डोक्यावर पदर, मागे रिकाम्या घागरींची रांग. चौदा सेकंदांचा बाईट: "पंधरा दिस झाले, नळाला थेंब न्हाई. लेकरं रातभर टँकरची वाट बघत बसायलेत. पानी द्या म्हनावं, दुसरं काय बी नको."

एडिटमध्ये मी बाईट कापत होते, तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले. माझी मुलाखत घेणारे तेच सर, आता आउटपुटचे, म्हणजे बातम्या प्रसारित करणाऱ्या विभागाचे प्रमुख. म्हणाले, "खाली सबटायटल टाक. प्रमाण मराठीत."

मी विचारलं, "सर, मराठी बाईटखाली मराठी सबटायटल?"

"कोकणातल्या माणसाला 'बसायलेत' कळणार नाही."

मी म्हटलं, "सहाच्या बुलेटिनला दिल्लीच्या मंत्र्यांचा चाळीस सेकंदांचा हिंदी बाईट गेला. त्याखाली काही नव्हतं. कोकणातल्या माणसाला तो कळला, आणि ही बाई कळणार नाही?"

सर म्हणाले, "हा वाद घालायची वेळ नाही. सबटायटल टाक."

मी टाकलं नाही. सातच्या बुलेटिनला बाईट तसाच गेला. पीसीआरमध्ये, म्हणजे बुलेटिन जिथून चालवतात त्या खोलीत, माझे हात गार पडले होते, कानातल्या टॉकबॅकवर सरांचा आवाज येत होता आणि समोरच्या मॉनिटरवर त्या बाईंचा चेहरा होता. खाली पट्टी नसल्यामुळे घागरी दिसत होत्या. सबटायटल असतं तर नेमकी तीच जागा झाकली गेली असती. रात्री साडेनऊला सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि शिस्तीबद्दल वीस मिनिटं सुनावलं. मी ऐकून घेतलं. एकाही प्रेक्षकाचा 'कळलं नाही' म्हणून फोन आला नाही, एवढंच निघताना सांगितलं.

त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत आम्ही या विषयावर बोललो नाही. भाषेला एक प्रमाण लागतं, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही मान्य होतं, आजही आहे. पण प्रमाण म्हणजे सगळ्यांना भेटायची जागा. कोण वर आणि कोण खाली बसणार ते ठरवायची ती जागा नाही. हे त्यांना सांगायचं राहून गेलं, म्हणून बहुधा तुम्हाला सांगते आहे.

आता तुमची मुलाखत. गेल्या काही वर्षांत मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसले आहे. तिथून जे दिसतं ते असं, की मुलं उच्चारांपायी पडत नाहीत. ती बातमी सांगू न शकल्यामुळे पडतात. समजा, कॅमेऱ्यासमोर उभं करून तुम्हाला त्या पाण्याच्या गाडीवर बोलायला सांगितलं. दहापैकी आठ जण सुरू करतात: "लातूरकरांसाठी आत्ताची सर्वांत मोठी बातमी समोर येत आहे." पाच सेकंद गेले आणि बातमी अजून आलीच नाही. "मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे आज पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी आहे," असं म्हणा. कुठून, कुठे, कधी, किती, सगळं आलं. हे म्हणताना एखादा 'ण' घसरला तरी मी तुम्हाला दुसऱ्या फेरीला बोलावीन.

दुसरं, ऐका. पॅनेलचा प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू करणारा मुलगा उद्या शेतकऱ्याचं बोलणंही असंच तोडणार. माहीत नसेल तर 'माहीत नाही, काढून सांगतो' म्हणा. आणि शब्द तोलून वापरा. आरोपी आणि गुन्हेगार एक नव्हे, संशयित आणि आरोपीही एक नव्हे. ज्याला हा फरक कळतो त्याची भाषा चांगली, मग तो 'आनि' म्हणो की 'आणि'.

इंग्रजीचं विचारलंत. बोलता आली नाही तरी चालेल, वाचता आलीच पाहिजे. डेस्कच्या परीक्षेत वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी देतात आणि वीस मिनिटांत मराठीत करायला सांगतात. तिथे 'मंत्र्यांकडून असे सांगण्यात आले' असं लिहिणाऱ्याचे गुण मी कापते. 'मंत्री म्हणाले' लिहा. मराठीत कर्ता समोर येऊन बोलतो, त्याला लपवू नका. मुलाखतीत कुणी इंग्रजीत विचारलं आणि तुम्हाला नीट उत्तर देता येत नसेल, तर 'मराठीत सांगतो' म्हणून सरळ मराठीत द्या. मोडक्या इंग्रजीत चाचपडत बसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती आधीच सांगायला हवी होती. वरचं सगळं मी डेस्क आणि रिपोर्टिंगच्या अनुभवावरून लिहिलं आहे. तुमचा अर्ज थेट अँकरसाठी असेल, तर आजही 'ण' पाहिला जातो आणि तिथे सूट मिळत नाही. आकाशवाणीच्या आवाजाच्या चाचणीतही उच्चार काटेकोरपणे बघतात, आणि ते मला योग्य वाटतं, कारण तिथे श्रोत्याकडे ऐकण्याखेरीज काहीच नसतं. तेव्हा हातात एक महिना आहे तर गच्चीवरचा वीस मिनिटांचा सराव आजपासूनच सुरू करा. माझ्या 'पानी'च्या बाजूने लिहिलंय म्हणून तो टाळू नका. फक्त तो करताना आपण काही घाण धुऊन काढतोय असं मनात आणू नका.

आणि आकडे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्याण्णव. अडुसष्ट आणि शहाऐंशी यांत गोंधळ होतो, ते दोन वेगळे घोटा. पावसाळ्यात धरणाच्या टक्केवारीची बातमी वाचायला देतातच, आणि कागदावर ते नुसते अंकात लिहिलेले असतात.